छाटणी कोणासाठी?

एकाच आठवड्यात आमच्यापुढे दोन प्रश्न आले. त्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे त्या वेळी आम्हांला वाटले नाही.

पहिला प्रश्न एका निवृत्त गुरुजींचा. पुण्यास २०१८ च्या फेब्रुवारीत बोन्सायचे, म्हणजे वामनवृक्षांचे, एक मोठे प्रदर्शन भरले होते. प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने भरलेल्या त्या प्रदर्शनात तीन हजारांहून अधिक वामनवृक्ष एकत्र मांडले गेले व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. गुरुजी तेव्हा मुलाकडे गेले असता ते पाहून आले आणि तेव्हापासून त्यांच्या मनात एक बोच राहून गेली होती. आता मुलाने त्यांना उथळ कुंडीतले पाइनचे एक लहानसे झाड भेट म्हणून पाठवले. थंड डोंगराळ मुलखातले ते झाड आमच्या कड्याच्या उन्हात कितपत तगेल, हा प्रश्न वेगळाच. परंतु गुरुजींची बोच मात्र पुन्हा जागी झाली. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर ते आम्हांला म्हणाले, “फादर, ज्या झाडाला देवाने पन्नास-साठ फूट वाढण्याची शक्ती दिली, त्याला हातभर उंचीत कोंडायचे, तारांनी आवळायचे, दरवर्षी छाटायचे; हे पाप नव्हे काय?”

दुसरा प्रश्न त्याच आठवड्यात संध्याकाळच्या वेळी दाराशी आला. धर्मग्रामातील एक ऊसतोड जोडपे. मुलगी पंधरा वर्षांची, नववी पास झालेली. “फादर, मुकादमाची उचल घेतलीय. दिवाळी झाली की टोळी निघंल. पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? स्थळ चांगलं आलंय. तिचं उरकलं म्हंजी धाकट्या दोघांची शाळा तरी व्हईल.” ती दोघे परवानगी विचारावयास आली नव्हती. त्यांना आशीर्वाद हवा होता.

विवाह लावता येणार नाही, हे आम्ही तत्काळ सांगितले. अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायदा सांगून कोणाचे समाधान होत नाही. बापाच्या चेहऱ्यावर क्रौर्य नव्हते, काळजी होती. तो मुलीवर प्रेम करणारा बाप होता. मग तो करू पाहत होता त्यात चूक नेमकी कोठे होती? याचा विचार करता करता आम्ही पुन्हा गुरुजींच्या झाडाकडे आलो.

वामनवृक्षाविषयी आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. झाडाला उपाशी ठेवून ते खुजे केले जाते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक उपाशी झाड सुंदर होत नाही, ते मरते. उथळ कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात रोज पाणी लागते, वेळच्या वेळी खत लागते. तीन ते पाच वर्षांनी त्याला कुंडीतून काढून, वाढलेली मुळे बेताने छाटून, नव्या मातीत बसवावे लागते. पाइनच्या मुळांभोवती पांढरट बुरशी असते. ती रोग नव्हे. ती मातीतले पाणी व क्षार मुळांना मिळवून देते आणि झाड तिला साखर पुरवते. म्हणून जाणता माळी कुंडी बदलताना थोडी जुनी माती मुळांशी राखतो.

या झाडाचे वळण लागावयास एक माणूस पुरत नाही. प्रथम खोड जाड व्हावे लागते आणि त्यालाच पुष्कळ वर्षे जातात. मग फांद्यांना तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळून हळूहळू दिशा द्यावयाची. तार गुंडाळणे सोपे आहे; खरी परीक्षा ती वेळेवर काढण्यात असते. फांदी जाड होऊ लागली की तार सालीत रुतते आणि तो व्रण वर्षानुवर्षे दिसतो. काढतानाही ती उलटी सोडवीत बसावयाचे नाही. तिचे तुकडे करून ती अलगद उचलावयाची. आधार दिलेली वस्तू जपण्याच्या नादात फांदी मोडू नये, यासाठी तार वाया घालवावयाची.

वसंतात पाइनच्या शेंड्यांना उभे, फिकट कोंब येतात. माळी त्यांना ‘मेणबत्त्या’ म्हणतात. वेदीवरील मेणबत्त्या रोज पाहणाऱ्या आम्हांला हे नाव फार आवडले. काळ्या पाइनच्या या मेणबत्त्या उन्हाळ्याच्या आरंभी खुडतात. मग दुसरी पालवी येते आणि तिच्या सुया आखूड राहतात. मात्र हे केवळ निरोगी, सशक्त झाडावर करावयाचे. आजारी किंवा नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडाला त्या वर्षी हात लावावयाचा नाही.

पाइनचा स्वभाव असा की शेंड्याकडे जोर धावतो आणि खालच्या फांद्या दुबळ्या पडतात. म्हणून माळी शेंड्याकडच्या जुन्या सुया अधिक काढतो, खालच्या कमी काढतो. जेथे जोर आहे तेथून घेतो, जेथे दुबळेपणा आहे तेथे राखतो. पवित्र मरियेचे स्तोत्र रोज संध्याकाळी म्हणणाऱ्याला या न्यायाची ओळख पटावी.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. आपला वड किंवा आपली चिंच बुंध्यापर्यंत तोडली तरी पुन्हा फुटते. पाइनचे तसे नाही. त्याच्या फांदीवर एकही हिरवी सुई उरली नाही, तर ती फांदी बहुधा संपलीच. म्हणून पाइन छाटणाऱ्याचा पहिला नियम आहे: कितीही कापा, हिरवे काही तरी राखा.

आता आमच्या माळावर चला. कडा हे आष्टी तालुक्यातले गाव, पर्जन्यछायेतले. येथील माळरानावर बोरीची अशी झुडपे दिसतात की बोन्साय पाहिलेला माणूस थबकावा. बुंधा म्हाताऱ्याच्या मनगटासारखा गाठाळ, उंची गुडघ्याएवढी, माथा कसा गोल कातरलेला. वय विचाराल तर वीस-पंचवीस वर्षे. हे शेळ्यांचे काम आहे. कोंब आला की शेळीने खाल्ला, पुन्हा आला की पुन्हा खाल्ला, आणि वरून पावसाने दगा दिला. पुण्याच्या प्रदर्शनातील झाड आणि माळावरची ही बोर शेजारी ठेवली, तर आकारात फारसे अंतर दिसणार नाही.

परंतु दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. शेळीच्या मनात बोरीविषयी वैर नसते. तिला भूक असते एवढेच. मात्र तिने कोंब खाताना बोरीचे काय होईल याचा विचार केलेला नसतो. माळी प्रत्येक कात्रीपूर्वी झाडाकडे पाहतो, हा कोंब गेला तर पुढच्या वर्षी काय होईल हे स्वतःला विचारतो आणि उत्तर ठाऊक नसेल तर थांबतो. शिवाय कापल्यानंतर तो तेथेच राहतो. शेळी खाऊन पुढे जाते.

आमच्या भागातील डाळिंबवाल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बहार धरण्यापूर्वी तो बागेला ‘ताण’ देतो, म्हणजे काही आठवडे पाणी तोडतो. पाने पिवळी पडतात, गळतात. नवख्या माणसाला वाटावे, हा बागेचा वैरी आहे. पण ठरल्या वेळी तो हलकी छाटणी करतो, खत घालतो आणि पाणी सोडून ताण ‘तोडतो’. मग बाग फुलते. ताण किती दिवस द्यावयाचा, हे जमीन हलकी की भारी आणि झाडात बळ किती, यावर ठरते. ताण देणारा बागेवरून रोज फेरी मारतो. ताण देऊन परगावी निघून गेलेल्या माणसाला शेतकरी म्हणत नाहीत. आणि दुष्काळालाही कोणी ताण म्हणत नाही, कारण दुष्काळ तोडण्याचा दिवस कोणी ठरवलेला नसतो.

तेव्हा गुरुजींना आमचे अर्धे उत्तर असे होते: छाटणे हे स्वतः पाप नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या पित्याला माळी म्हणतो आणि फळ देणाऱ्या फांदीलाच तो छाटतो, असे सांगतो. लूकच्या शुभवर्तमानातील माळी तर फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडासाठी धन्यापाशी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. मी भोवती खणीन, खत घालीन, अशी हमी देतो. कापणाऱ्या हाताने आधी खणावयास आणि वाट पाहावयास तयार असावे, असा या दोन्ही वचनांचा एकत्र अर्थ आम्ही घेतो.

उरलेले अर्धे उत्तर कठीण आहे. कितीही प्रेमाने जोपासला तरी वामनवृक्ष शेवटी पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो. त्याची कुंडी कधी उघडत नाही. तो जमिनीत लावला तर अजूनही मोठा होईल. वाढीची ती शक्ती त्याच्यात शाबूत असते, आणि माळी तिला जन्मभर आवरून धरतो. प्रत्येक सृष्ट वस्तूला आपल्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या विश्वपत्रात शिकवले. तरीही आदराने, जोपासून, एखाद्या झाडाला मनुष्याने आकार द्यावा यात आम्हांला दोष दिसत नाही. परंतु येथेच झाडाची वाट आणि माणसाची वाट वेगळी होते. माणूस कोणाच्याही डोळ्यांसाठी जन्मलेला नसतो. देवाने त्याला स्वतःची हाक दिलेली असते. म्हणून उत्तमातला उत्तम बोन्साय-माळीसुद्धा आईबापांचा आदर्श होऊ शकत नाही.

आईबापांनी आदर्श घ्यावयाचा असेल तर तो वनखात्याच्या रोपवाटिकेतील काळ्या पिशवीचा घ्यावा. रोप कोवळे असते तोवर पिशवी हवीच. तिच्यावाचून ते उन्हात करपेल. मात्र ती फाडण्यासाठीच असते. दोन पावसाळे अधिक ठेवली की मुळे आतल्या आत गोल गुंडाळतात. मग ते रोप चांगल्या जमिनीत लावले तरी मुळे बाहेर धावत नाहीत, आणि पुढे वाऱ्याने झाड उन्मळते. पिशवीत राखण्यात प्रेम असते आणि पिशवी फाडण्यातही. त्यांची वेळ मात्र एक नसते.

पाइनचे खोड जाड करताना माळी आणखी एक युक्ती योजतात. खालची एखादी फांदी ते मुद्दाम मोकळी वाढू देतात. तिच्या वाढीने खोडाला पुष्टी मिळते, आणि काम झाले की ती बुडापासून कापून टाकतात. तिला ‘त्यागाची फांदी’ म्हणतात. हे वाचले तेव्हा आम्हांला दाराशी आलेल्या बापाचे वाक्य आठवले: तिचं उरकलं म्हंजी धाकट्या दोघांची शाळा व्हईल.

वाचकहो, आपल्या किती घरांत थोरली मुलगी ही त्यागाची फांदी झालेली आहे! तिने शाळा सोडली, धाकट्यांना सांभाळले, भाकरी थापल्या, आणि घराचे खोड जाड झाल्यावर ती लवकर ‘उरकली’ गेली. आपण तिच्या त्यागाचे कौतुकही करतो. येथे एक फरक आपण विसरतो. झाडाच्या सर्व फांद्या मिळून एकच झाड असते. एक फांदी गेली तरी जे जगते ते तेच झाड. कुटुंबाचे तसे नाही. मुलगी ही कुटुंबाची फांदी नव्हे. ती स्वतः एक पूर्ण झाड आहे. त्याग जेव्हा जाणत्या माणसाने स्वखुशीने केलेला असतो तेव्हाच तो ख्रिस्ताचा त्याग असतो. प्रभूने आपला प्राण आपण होऊन दिला. तो कोणी त्याच्याकडून काढून घेतला नाही, हे त्याने स्वतः स्पष्ट केले आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला न विचारता तिच्या नावे केलेल्या त्यागाला दुसरे नाव शोधावे लागेल.

मात्र सर्व दोष बापावर टाकून आम्ही मोकळे झालो, तर तोही अन्याय होईल. बाप आपल्या हाताने कात्री चालवीत होता, पण त्याच्या मागे माळरानाची शेळी उभी होती. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात; माणसाचे नावच हत्याराचे होते. उचल फिटेपर्यंत सुटका नाही आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. शासनाने समिती नेमली आणि अशी शस्त्रक्रिया झालेल्या १३ हजारांहून अधिक स्त्रिया पाहणीत आढळल्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, दंड होऊ नये, हे त्यामागील कारणांपैकी एक होते. कोणाच्या तरी सोयीसाठी माणसाच्या देहाला कात्री लागते ती ही अशी. हिरवे काही राखावे, हा पाइनचा साधा नियमसुद्धा येथे पाळला गेला नाही.

आणि आमचे स्वतःचे हात तरी कोठे स्वच्छ आहेत? पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात आमच्याजवळ एक मुलगा होता. आवाज गोड, अक्षर वळणदार. वेदीसेवा, गायनवृंद, स्नानसंस्काराच्या नोंदवह्या, सारे तो पाही. बारावीनंतर त्याला तंत्रशिक्षणासाठी बाहेर जावयाचे होते. “एवढे वर्ष थांब, देवाचे काम आहे,” असे आम्ही त्याला म्हणालो, आणि त्या एका वर्षाची तीन वर्षे झाली. तो कधी तक्रारीचे अक्षर बोलला नाही. वयाची मर्यादा ओलांडल्यामुळे त्याचा प्रवेश हुकला, तेव्हा आमच्या ध्यानात आले की ‘देवाचे काम’ म्हणून आम्ही जे राखले होते, ते आमच्या व्हरांड्याची शोभा होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आपला आदेश १९६५ साली प्रसिद्ध केला. तो आम्ही सेमिनरीत अभ्यासला, त्यावर परीक्षा दिली. तरीही आम्ही धर्मगुरू श्रद्धावंतांना किती वेळा कुंडीतच ठेवतो! त्यांनी वाचावे, गावे, खुर्च्या मांडाव्यात; मोठे मात्र होऊ नये. त्या मुलाची क्षमा आम्ही पुढे मागितली. त्याने ती दिली. गेलेली वर्षे त्याला कोणी देऊ शकले नाही.

म्हणून त्या जोडप्याशी बोलताना आम्ही उपदेशकाच्या आसनावर बसलो नाही. जे आम्ही चुकलो होतो ते आधी सांगितले. मग मुलीला आत बोलावून विचारले. तिने खाली मान घालून एवढेच म्हटले, “मला धाव्वीची परीक्षा द्यायचीय.” बाप बराच वेळ गप्प होता. पुढे बोलणी झाली. उचलीतील काही रक्कम परत गेली, आजी गावी राहिली, आणि मुलीची सोय धर्मभगिनींच्या वसतिगृहात झाली. प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्या दिवाळीनंतर टोळी पुन्हा निघेल आणि तो पुन्हा दाराशी येईल. या वर्षापुरते एवढेच झाले की कात्री थांबली आणि थोडे हिरवे राहिले.

गुरुजींना आम्ही शेवटी एका झाडाची हकिकत सांगितली. जपानमधील हिरोशिमा येथे यामाकी नावाच्या माळ्यांच्या घराण्यात पांढऱ्या पाइनचा एक वामनवृक्ष होता. १६२५ पासून त्याची जोपासना झाली असे मानतात. बापाने मुलाला, मुलाने नातवाला तो सोपवला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी, प्रभूच्या रूपांतराच्या सणादिवशी, त्या शहरावर अणुबाँब पडला. यामाकींची बाग स्फोटाच्या ठिकाणापासून सुमारे तीन किलोमीटरवर होती. बागेच्या भिंतीआड ते झाड वाचले, घरातील माणसेही वाचली. पुढे १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाल्यानिमित्त जपानने ५३ वामनवृक्ष त्या देशाला भेट दिले. त्यांत मासारू यामाकी यांनी आपले हे झाड दिले. ज्यांनी बाँब टाकला त्यांनाच दिले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ते ठेवण्यात आले. त्या झाडाने काय पाहिले आहे, हे तेथे उघड झाले ते २००१ साली, यामाकींचे दोन नातू ते पाहावयास आले तेव्हा.

पिढ्यानपिढ्या ज्या घराण्याने ते झाड छाटले, वळवले, पाणी घातले, त्या घराण्याने ते हातचे सोडले. त्याच्यासोबत आपल्या दुःखाची पाटीही लावली नाही. झाडाची कुंडी काही उघडली नाही. पण सांभाळणाऱ्याने आपली मूठ उघडली. झाडाच्या बाबतीत एवढे शक्य असेल, तर आपल्या लेकरांच्या बाबतीत अशक्य का असावे?

गुरुजींनी आपल्या पाइनचे काय करावे, हे आम्ही त्यांच्यावर सोपवले. परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते कुंडी दुपारच्या उन्हातून लिंबाच्या सावलीत हलवीत होते. “पाप आहे की नाही ते अजून ठरलं नाही, फादर,” ते हसून म्हणाले, “पण आता घेतलंय म्हणजे रोज पाणी घालावं लागणार.” त्यांना बाहेरगावी जावयाचे असले की पाणी घालावयास आता ती वसतिगृहातली मुलगी सुटीच्या दिवशी येते. गुरुजी त्या बदल्यात तिचे गणित घेतात.